स्कीला जाताय? आधी पायाची नखं कापा

गुलमर्गला गर्दी टाळून स्की कसं शिकायचं, याचा मी दोन महिने अभ्यास केला होता. आणि मोकळा उतार मिळालाही! फक्त तिसऱ्या दिवसापासून तो मी हॉटेलच्या खिडकीतून बघितला, दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी करून. म्हणून यादी नखांपासून सुरू. पायाची नखं कापा.

स्कीचा बूट म्हणजे कडक प्लास्टिकचा डबा. शिकाऊ माणूस घाबरला की मागे रेलतो आणि बोटं पुढच्या भिंतीवर आपटतात. दिवसभरात शंभर वेळा. वाढलेलं नख असेल तर त्याच्याखाली रक्त साकळतं आणि रात्री पायावर रजईसुद्धा सहन होत नाही. बूट काढल्यावर इन्स्ट्रक्टर एवढंच म्हणाला, "दीदी, नाखून तो काट के आतीं." निघायच्या दोन-तीन दिवस आधी कापा, सरळ कापा, कोपरे कोरत बसू नका. आदल्या संध्याकाळवर ठेवू नका. माझं विमान रविवारचं होतं. शनिवारी बॅग भरताना नेलकटर काढलं, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, शनिवार आहे, त्यात तिन्हीसांजा!" वाद नको म्हणून परत ड्रॉवरमध्ये टाकलं, ते तिथेच राहिलं. त्यांचा दोष नाही. गुरुवारी मी काय करत होते?

आता तारखा. नाताळ ते नवीन वर्ष नको. 26 जानेवारीचा लाँग वीकेंड अजिबात नको. 19 फेब्रुवारीची शिवजयंती शनिवार-रविवारला चिकटून येत असेल तर तेही नको, अर्धं ठाणे तिथे भेटेल. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, रविवारी पोचून शुक्रवारी परत, हे मला सगळ्यात बरं वाटतं. चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरमधल्या कडाक्याच्या थंडीचे 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, बर्फ तेव्हाच हमखास, असं लोक सांगतात. पण 2024 चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, आणि 2025 मध्ये बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ पुढे ढकलावे लागले. त्या खेळांच्या तारखाही बघून घ्या, खोल्या मिळत नाहीत.

राहायचं गुलमर्गमध्येच. महाग पडतं, पण सगळी गंमत त्यातच आहे. श्रीनगर तिथून साधारण पन्नास किलोमीटर. एका दिवसाची सहल करणारे अकराच्या सुमाराला येतात, भाड्याचे गमबूट, स्लेज, फोटो करतात आणि चारपर्यंत परततात. शिकाऊंचे उतार गोल्फ कोर्सवर, आणि ही सगळी मंडळीही तिथेच. म्हणून नऊ ते अकरा शिका, मग जेवा, झोपा, साडेतीनला पुन्हा जा. ठाण्याहून लोकल पकडणाऱ्याला वेळेचं हे गणित शिकवायला नको.

गोंडोलाचं, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचं, तिकीट घरूनच ऑनलाइन काढा. पण पहिले तीन दिवस त्याची गरजच नसते, मग सकाळ रांगेत का घालवायची? दुसरा टप्पा जवळजवळ चार हजार मीटरवर जातो. तिथून फक्त डोंगर बघा. वरच्या उतारांवरचा बर्फ दाबून सपाट केलेला नसतो आणि हिमस्खलन होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे एका रशियन स्कीअरचा जीव गेला. हौस म्हणून उतरू नका.

पाय महिनाभर आधी तयार करा. ठाण्यातला येऊरचा डोंगर चढताना दम लागतो, पण स्कीसाठी उतरणंच कामाचं, मांड्या तिथे भरतात. पावलं मोजत बसू नका. बिल्डिंगच्या जिन्यानेही चालेल, खाली येताना लिफ्ट विसरा. आणि कुकर लावला की भिंतीला पाठ टेकून, खुर्चीवर बसल्यासारखे गुडघे वाकवून, पहिली शिट्टी होईपर्यंत थांबा. मला सुरुवातीला वाफही धरेपर्यंत जमत नव्हतं.

मोजे पातळ, गुडघ्यापर्यंतचे, एकच जोड. दोन घातले की सुरकुत्या पडतात, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गारठतात. बूट पोचल्याच्या संध्याकाळीच घालून बघा, दुकानात तेव्हा कोणी नसतं. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत. नखं वाढलेली असतील तर हा अंदाजच चुकतो, माणूस मोठा बूट घेतो, पाय आत सरकतो आणि बोटं आणखी आपटतात. माझं तेच झालं. नखं!

थर्मल, हातमोजे, गॉगल, सनस्क्रीन हे तुम्हाला कळतंच. आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड हवं. परतीच्या आदल्या रात्री श्रीनगरला उतरून राहा, बर्फ पडला की गुलमर्गहून खाली टनमर्गला उतरणारा रस्ता अडतो. बाकी तिथे सगळं मिळतं.

नेलकटर बॅगेत नको, गुरुवारी हातात हवं.