योकादूमाच्या पुढे येणाऱ्या नव्या सिस्टरांना

गेल्या सप्टेंबरात आमच्याकडे, कॅमेरूनच्या पूर्वेकडच्या जंगलात, दोन नव्या सिस्टर आल्या. एक नाशिककडची, एक केरळची. बॅगांत काय होतं म्हणाल, तर कुकर, लोणच्याच्या बरण्या, दीडशे रोझऱ्या आणि मुलांसाठी फुगे. गमबूट एकीकडेही नाहीत. सतरा वर्षांपूर्वी वसईहून मीही अशीच आले होते, फक्त फुग्यांच्या जागी सुकेळी होती. दोघींना पहिल्या महिन्यात त्याच खड्ड्यांत पडताना पाहिलं, तेव्हा ठरवलं की एकदा लिहूनच काढावं. फादर, ब्रदर किंवा नर्स म्हणून येणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड पासपोर्टइतकं जपा. नाक्यावर अडवलं की साक्षांकित झेरॉक्स द्या, मूळ कागद हातचा सोडू नका, आणि हसत राहा. 'कॅमेरूनमध्ये इंग्रजी चालतं' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं असेल. ते वायव्य आणि नैऋत्य या दोन विभागांत. आमच्या पूर्व विभागात पोलिसापासून शिक्षकापर्यंत सगळा कारभार फ्रेंचमध्ये, तेव्हा आधी सहा महिने राजधानी याऊंदेत राहून फ्रेंच शिका. बेर्तुआच्या पुढे बातुरी, मग योकादूमा, मग सालापूंबेवरून मोलुंदू: लाल मातीचा रस्ता, कोकणातल्यासारखाच, फक्त संपत नाही. जोराचा पाऊस झाला की रस्त्यावर आडवा दांडा टाकून गाड्या थांबवतात. थांबायचं. ओंडक्यांचा ट्रक समोरून आला तर मुकाट्याने कडेला घ्यायचं.

आता एका शब्दाबद्दल. आपल्याकडे पिग्मी म्हटलं की दुकानादुकानांतून रोजची बचत गोळा करत फिरणारा पतपेढीचा एजंट डोळ्यांसमोर येतो. इथे तो शब्द माणसांसाठी वापरतात, आणि बहुतेक वेळा तुच्छतेने. तुम्ही तो वापरू नका, सरकारी कागदात दिसला तरी. हे लोक बाका, इथल्या जंगलात शिकार करणारे, मध काढणारे. गंमत अशी की बचत ही गोष्ट बाकांना सगळ्यात परकी. मध मिळाला, मांस मिळालं, तर ते संध्याकाळपर्यंत वाटून संपायला हवं. साठवून ठेवणारा माणूस त्यांच्या लेखी कंजूष, जवळपास दुष्टच. तुमच्या कपाटात साखरेचे दोन डबे दिसले, तर एक मागितला जाईल. ती भीक नव्हे. द्या, किंवा डबा दिसू देऊ नका. मी दुसरी युक्ती शिकायला चार वर्षं घेतली आणि त्याची अजून थोडी लाज वाटते.

बाका शेजारच्या गावकऱ्यांना 'काका' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, वा, किती आपुलकी! तसं काही नाही. काका म्हणजे बांगांदो, कोनाबेंबे वगैरे शेती करणारे लोक. बाकांची भाषा त्यांच्यापेक्षा वेगळी. या दोघांचं नातं एका वाक्यात सांगता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची देवघेव आहे: इकडून मांस, मध, मजुरी, तिकडून केळी, कसावा, लोखंड. मैत्री आहे, नातीगोती आहेत. आणि 'हे माझे पिग्मी' असं माणसासमोर म्हणणारे लोकही आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून बाकांना जंगलातून रस्त्याकडेला आणून वसवायचे प्रयत्न झाले. त्यात सरकार होतं तशी मिशनंही होती, आपली कॅथलिक मिशनंही. हे लपवू नका. रस्त्याकडेची जमीन मात्र काकांची, म्हणून बाका तिथे कायमचे पाहुणे.

आता माझी चूक. ही मी प्रत्येक नवीन माणसाला सांगते, दोनदा सांगते, त्यामुळे कंटाळा आला तरी वाचा.

तिसऱ्या वर्षी चॅपेलच्या मागची जागा साफ करायला चौदा बाका पुरुष लावले. सहा दिवसांचं काम, रोज हजार फ्रँक, म्हणजे एकूण ८४,००० फ्रँक. शनिवारी पैसे मोजायला बसले, तर गावातला एक वजनदार माणूस म्हणाला, "सिस्टर, तुम्ही कशाला त्रास घेता, मी वाटतो." चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा, दानधर्म करणारा माणूस. मी दमलेली होते. दिले. त्याने निम्मे जुन्या उधारीत वळते करून घेतले आणि बाकीच्याची दारू दिली, त्या प्लॅस्टिकच्या पुड्यांतली. रात्री मारामारी झाली. माझ्यापर्यंत एकही तक्रार आली नाही. रविवारी मिस्साला ते आले, गायले, गेले. मंगळवारी सकाळी पाहते तर वस्ती रिकामी. अकरा मोंगुलू, म्हणजे काठ्या-पानांच्या झोपड्या, आत कुणी नाही, चुलींतली राखसुद्धा गार. बालवर्गात २३ मुलं होती, त्या दिवशी एकही नाही. त्या वस्तीत एक नवव्या महिन्यातली गरोदर बाई होती, जिचा रक्तदाब मी दर दोन दिवसांनी मोजत होते. तीन महिन्यांनी बाळ परत आलं, मावशीच्या कडेवर.

बाका 'नाही' म्हणत नाहीत. भांडत नाहीत, पत्र लिहीत नाहीत, बिशपांकडे जात नाहीत. उठून जातात. हेच त्यांचं हत्यार, आणि ते फार जुनं आहे. तुम्ही चुकलात हे तुम्हाला रिकाम्या झोपड्याच सांगतील. म्हणून मजुरी ज्याची त्याच्या हातात. प्रत्येकाला वेगळी, सगळ्यांच्या देखत, सुट्या नोटा आधी आणून ठेवून. मुखिया म्हणाला मी वाटतो, नको. धर्मशिक्षक म्हणाला मी वाटतो, नको. बाकांचाच कुणी वडीलधारा म्हणाला, तरी नको. त्यांच्यात हुकूम चालवणारा राजा-पाटील नसतोच, तो आपण गरजेपोटी तयार करतो.

चर्चकडे वळू. योकादूमा धर्मप्रांत १९९१ चा, पहिले बिशप पोलंडचे, ओब्लेट या मिशनरी संघाचे. तुम्हाला पोलिश फादर भेटतील; प्रवचन कसंही असो, गाडीचं इंजिन उघडून दुरुस्त करतात, त्यांच्याशी चांगलं राहा. मिस्सा फ्रेंचमध्ये, वाचनं गावच्या भाषेत, आणि बाका मागे. अगदी मागे, दाराशी, काही जण बाहेरच. 'पुढे या' असं माइकवरून सांगू नका, ते पुढच्या रविवारी येणार नाहीत. तुम्हीच मागे जाऊन बसा. मी बसते. आमच्या एका सहकारी सिस्टरला हे शिस्तीत बसत नाही असं वाटतं, वाटू दे.

देवाला बाका कोम्बा म्हणतात, आणि प्रार्थनेत आपणही तोच शब्द वापरतो. नवीन माणूस खूश होतो: चला, यांना एकच देव आधीपासून ठाऊक आहे! जरा थांबा. रात्री शेकोटीभोवती लिकानो ऐका. लिकानो म्हणजे गोष्ट, मध्ये मध्ये सगळ्यांनी गायच्या पालुपदासकट. त्या गोष्टींतल्या कोम्बाला लोक फसवतात, त्याच्याकडच्या वस्तू पळवतात, आणि ऐकणारे पोट धरून हसतात. म्हणजे तुम्ही 'कोम्बा तुमच्यावर प्रेम करतो' म्हणता तेव्हा समोरच्याच्या डोक्यात कुठला कोम्बा उभा राहतो, हे आधी कळायला हवं. त्यासाठी भाषा हवी. ब्रिसाँ आणि बुर्सिए या दोन मिशनरी फादरांनी केलेला बाका-फ्रेंच कोश १९७९ चा आहे. कुठून तरी त्याची प्रत मिळवा. भाषा सुरांची आहे, आवाजाची उंची बदलली की अर्थ बदलतो. मी पहिलं वर्षभर काय काय बोलले असेन, ते सांगायला कुणी धजावत नाही.

गाण्याबद्दल माझी मतं जरा जहाल आहेत. कीबोर्ड आणू नका. बाका गातात तेव्हा कुणी मुख्य गायक नसतो. एक बाई शब्द नसलेला सूर उचलते, दुसरी तिच्यावरून उडी मारते, तिसरी खालून येते, आणि पाच मिनिटांत जंगलच गाऊ लागतं. पूर्वी हत्तीच्या शिकारीआधी बायका येल्ली नावाची गाणी गात. नदीत अंघोळ करताना पोरी पाण्यावर हात मारून ताल धरतात, तबलजीने ऐकावा असा. अशा माणसांना आपण एका ओळीत उभं करून फ्रेंच भजन शिकवतो, एका सुरात, हातात कागद देऊन, तोही वाचता न येणाऱ्यांच्या. आपल्या नगरला नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताचं कीर्तन उभं केलं, अभंग रचले. ते प्रोटेस्टंट, पण या बाबतीत माझे गुरू तेच. स्थानिक भाषा-गाण्यांना वाट मोकळी करणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपल्या कॅथलिकांनाही कुणी अडवलेलं नाही. आमच्याकडे आता बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट लिकानोसारखी सांगतात. पुत्र परत येतो तिथे पालुपद इतकं लांबतं की फादर घड्याळ बघतात. परतलेल्या पुत्रासाठी बाप वासरू कापतो म्हणून मोठ्या भावाला येणारा राग मात्र बाकांना बिलकूल कळत नाही. मांस होतं तर वाटलं, त्यात रागवायचं काय?

जेंगी. जेंगी हा जंगलाचा मोठा आत्मा. पुरुषांची दीक्षा त्याच्यापाशी होते, नाच होतो तेव्हा तो राफियाच्या झुलीत येतो. बायकांनी जवळ जायचं नाही, म्हणजे आपणही नाही. फोटो नाही, चौकशी नाही, 'सैतान' हा शब्द तर नाहीच. तुमचा सगळ्यात श्रद्धाळू बाप्तिस्मा घेतलेला माणूस जेंगीच्या रात्री गायब असेल. सकाळी त्याला काही विचारू नका.

आणि बाप्तिस्म्याची घाई नको. वरून आकडे विचारतात, विचारू देत. एकाच माणसाला एक बाका नाव, एक फ्रेंच नाव, काकांनी ठेवलेलं तिसरं, त्यामुळे आमच्या जुन्या नोंदवहीत एकाच मुलीचा दोनदा बाप्तिस्मा झालेला आहे. नोंद करताना आईचं नाव आणि अंदाजे ऋतू लिहा: पायोच्या, म्हणजे रानआंब्याच्या बियांच्या वेळी, मधाच्या वेळी. पुढे जन्मदाखल्यासाठी तेवढाच आधार उरतो. जन्माची नोंद ठरलेल्या मुदतीत करायची असते; ती उलटली की खेटे सुरू, आणि दाखल्याशिवाय मूल प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेला बसू शकत नाही. बाळ जन्मलं की तुम्ही स्वतः नोंदणी कार्यालयात जा. माझ्या मते शंभर प्रवचनांपेक्षा हे काम मोठं.

शाळेत ओरा पद्धत चालते, म्हणजे बघा, विचार करा, करा: सुरुवात बाका भाषेत, मग हळूहळू फ्रेंच. पद्धत चांगली. पण शाळा सप्टेंबरात उघडते तेव्हा जंगलात पायो गोळा करायचे दिवस सरलेले नसतात. बाकं रिकामी दिसली की रडू नका. ऑक्टोबरात मोजा.

नर्स सिस्टरांसाठी एकच गोष्ट, पण महत्त्वाची. आपल्याकडे हत्तीरोगासाठी रक्त रात्री घेतात, तीच सवय हाताला असते. इथे लोआ लोआ आहे, डोळ्यातून सरकताना दिसणारा जंत, आणि त्याची पिल्लं रक्तात दुपारी सापडतात. तपासल्याशिवाय आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध देऊ नका. रक्तात पिल्लांची संख्या खूप असेल तर माणूस कोमात जाऊ शकतो. मुलांच्या पायावरची जखम यॉज या त्वचेच्या रोगाची असेल तर ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस पुरतो. मलेरियाचं तुम्हाला मी काय सांगणार.

खाकी कपडे आणू नका. लोबेके राष्ट्रीय उद्यान २००१ साली झालं, बुंबा-बेक आणि न्की २००५ साली, आणि जिथे आजोबा मध काढायचे तिथे आता वनरक्षक अडवतात. मारहाणीच्या गोष्टी मी बऱ्याच ऐकल्या आहेत. खाकी पाहून मुलं झाडीत पळतात. आणि कितीही आग्रह झाला तरी रानातलं मांस स्वतः विकत घेऊ नका. भुर्दंड तुम्हाला नाही, ते आणणाऱ्याला पडतो.

आपल्या लोकांबद्दल. संध्याकाळी सगळ्या भारतीय सिस्टर एकत्र बसून भात-कालवण करतात, घरच्या गोष्टी निघतात, छान वाटतं. पहिलं वर्ष हे आठवड्यातून एकदाच करा. रोज केलंत तर सहा महिन्यांनी तुम्हाला बाका येणार नाही, मल्याळम येईल. जेवणाची तक्रार बाकांसमोर नको. कसावाचा आंबूस बोबोलो महिनाभरात आवडू लागतो. कोको नावाच्या रानवेलीची पानं अगदी बारीक चिरून दाण्याचं कूट घालून केली की अळूच्या भाजीची आठवण येते. युरोपातून दोन आठवड्यांसाठी येणारे पाहुणे फोटो काढून जातात आणि पाठवतो म्हणतात. एकानेही पाठवले नाहीत.

डिसेंबर ते फेब्रुवारी कोरडे दिवस. वस्ती जंगलात हलते, बायका ओढ्यांना बांध घालून मासे धरतात. बोलावलं तर जा. बोलावल्याशिवाय नको. मिस्साचं सामान घेऊन जायची गरज नाही, मीठ आणि साबण न्या, मच्छरदाणी न्या. संध्याकाळी एखादी बाई काठ्या वाकवून, पानं खोचून तासाभरात तुमच्यासाठी मोंगुलू उभं करील. त्यात झोपताना माझे पाय बाहेर राहतात, पण पाऊस आत येत नाही. सकाळी साबण तिला द्या. तिच्या हातात, तिच्या नवऱ्याच्याही नाही.