पाणलोटातली मातीची धूप मोजताना आणि रोखताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी: नजरेच्या अंदाजाने समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवा, एकाच पातळीत ठेवायचा चर, खोदणं. उतारावर उभं राहिलं की डोळा हमखास फसतो. एका कामावर मी दोन दिवस उशिरा पोचलो, तोवर मजुरांनी सत्तर-ऐंशी मीटरचा चर ओढला होता. दिसायला झकास. पातळी लावली तर एक टोक वीतभर खाली. "एवढ्याने काय होतंय?" कुणीतरी म्हणालं, आणि कबूल करतो, मीही मान डोलावली. पहिल्याच मोठ्या पावसात अख्ख्या चराचं पाणी त्या टोकाला धावलं, भराव फुटला, आणि जिथे साधा ओघळही नव्हता तिथे गुडघाभर घळ पडली. त्यापेक्षा चर खोदला नसता तर बरं.

आता पाणी भरलेली पारदर्शक नळी आल्याशिवाय मी कुदळ मारू देत नाही. आधी नळीची दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरतो. पाणी एका रेषेत आलं नाही तर आत बुडबुडा अडकलाय. शिवाय चरात दर काही मीटरवर हातभर माती न खोदता सोडतो. पातळी चुकलीच, तर पाणी तिथल्या तिथे अडतं.

दुसरी चूक कागदावरची. यूएसएलई, म्हणजे दरवर्षी हेक्टरी किती माती धुपते याचा अंदाज देणारं समीकरण. त्याचे पाच गुणांक सॉफ्टवेअरमध्ये गुणले, नकाशा लालभडक झाला, की नवशिके खूश! पावसाचा 'आर' (माती धुपवण्याची ताकद) मेट्रिक आणि मातीचा 'के' (किती सहज धुपते ते) जुन्या अमेरिकी एककात घेतला, तर उत्तर साडेसात पट फुगतं. मी उलटा हिशेब करतो: 1 मिमी माती म्हणजे हेक्टरी साधारण 13 टन. नकाशा हेक्टरी 400 टन सांगत असेल, तर दरवर्षी 3 सेंमी माती जायला हवी. मग शिवारात जा आणि झाडांची मुळं तेवढी उघडी पडलीत का बघा. बसल्या जागी नकाशे रंगवणाऱ्यांना हेच नको असतं.

हे समीकरण चादरी (पातळ थराने सरसकट जाणारी) आणि ओघळी (छोट्या ओघळांतून जाणारी) धुपेपुरतंच आहे. घळी आणि नाल्याचे ढासळते काठ त्यात येत नाहीत. आलेला आकडा तळ्यातल्या गाळाचाही नव्हे, बरीच माती वाटेतच सखल जागी बसते.

वर्षाच्या एकूण पावसावर भागवू नका, 30 मिनिटांतली कमाल तीव्रता बघा.

माथा उघडा ठेवून पायथ्याला बंधारा घालू नका.

नाल्यात दगड रचताना मधला भाग खोलगट ठेवा, नाहीतर पाणी कडेने वाट काढून काठ कापतं.