डोक्याचा सिटी स्कॅन करायचाय? डोळ्यांचं भिंग कसं सांभाळाल

गेल्या वर्षी वडील मोरीत घसरून पडले. तालुक्याच्या गावी डोक्याचा सिटी स्कॅन झाला आणि त्याच रात्री त्यांना शहरात हलवल्यावर तोच स्कॅन पुन्हा झाला. कारण एवढंच, की पहिली सीडी घाईगडबडीत मी घ्यायची विसरलो. दुसरा स्कॅन टळला असता, ही रुखरुख मला अजून आहे. म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो. सिटी स्कॅनच्या एक्स-रे किरणांनी बिघडलेल्या पेशी तिथून निघून जात नाहीत, त्या सरकत सरकत भिंगाच्या मागच्या बाजूला साचतात आणि काही वर्षांनी तिथे मोतीबिंदू धरू शकतो. किती मात्रेपासून हा धोका धरायचा, ती पातळी २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने ५०० मिलिग्रेपर्यंत खाली आणली (मिलिग्रे म्हणजे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांचं माप). डोळे थेट किरणांत आले, तर डोक्याच्या एका स्कॅनमध्ये भिंगाला साधारण ५० मिलिग्रे मिळू शकतात. एका स्कॅनने घाबरायचं कारण नाही, पण पुन्हा पुन्हा होत असेल तर हिशेब ठेवायलाच हवा. (सर्वसामान्य माणसाच्या भिंगासाठी वर्षाला १५ मिलिसीव्हर्टची मर्यादा असते, हेही किरणांच्या मात्रेचंच एक माप, पण रुग्णाच्या स्वतःच्या तपासणीला ती लावत नाहीत. तिथे गरज किती, हे डॉक्टर ठरवतात.)

पायरी १. आधी विचारा. "या स्कॅननं उपचारात काय बदलेल? एमआरआय किंवा सोनोग्राफीनं भागेल का?" या दोन्ही तपासण्यांत एक्स-रे नसतात. मात्र अपघात, पक्षाघात, अचानक उठलेली असह्य डोकेदुखी असेल तर चर्चेत वेळ घालवू नका. तिथे स्कॅनच जीव वाचवतो.

पायरी २. जुन्या सीडी आणि फिल्म सोबत घ्या. माझ्या मते सगळ्यात मोठी बचत इथेच होते. घरात एकच पिशवी ठेवा, प्रत्येक पाकिटावर तारीख आणि कुठल्या भागाचा स्कॅन ते लिहा.

पायरी ३. टेबलावर झोपल्यावर. टेक्निशियनला सरळ विचारा, "डोळे किरणांच्या बाहेर ठेवता येतील का?" मेंदूच्या साध्या स्कॅनमध्ये बहुतेक वेळा ते जमतं. ते हनुवटी छातीकडे ओढून घ्यायला सांगतात किंवा यंत्राची गोल चौकट तिरकी करतात. त्यामुळे किरणांचा पट्टा भुवयांच्या वरून जातो आणि भिंगाची मात्रा कित्येक पटींनी उतरते. मानेला मार असेल तर मात्र मान हलवायचा आग्रह धरू नका. सायनस किंवा डोळ्याच्या खोबणीचा स्कॅन असेल तर डोळे वाचवता येत नाहीत. सायनससाठी "कमी मात्रेत होईल का?" एवढं विचारा. हाड आणि हवा यांतला फरक कमी मात्रेतही स्पष्ट दिसतो.

डोळ्यांवर शिशासारखी पट्टी ठेवा, असं सांगावंसं वाटेल. स्कॅनच्या पट्ट्यात आलेली पट्टी प्रतिमा बिघडवते. त्यापेक्षा स्थिर पडून राहा. हललात की पुन्हा स्कॅन, पुन्हा मात्रा.

सायनसचा साधा एक्स-रे काढताना नाक-हनुवटी प्लेटला टेकवून उभं करतात ते उगाच नाही. किरण मागून येतात, डोकं वाटेत बराच भाग शोषून घेतं आणि डोळ्यांपर्यंत थोडेच पोचतात. दाताच्या एक्स-रेत डोळ्याला मिळणारी मात्रा फारच कमी असते, त्यासाठी तो टाळू नका.

पायरी ४. मूल घाबरलं आणि धरायला कुणी हवं असेल तर गरोदर बाईनं आत थांबू नये. जो थांबेल त्यानं शिशाचा ॲप्रन मागून घ्यावा आणि जमेल तेवढं लांब उभं राहावं. अंतर दुप्पट झालं की मात्रा सुमारे चौथाईवर येते.

पायरी ५. निघण्यापूर्वी सीडी घ्या आणि मात्रेचं पान त्यात आहे का विचारा. त्यावर 'सीटीडीआय' आणि 'डीएलपी' असे आकडे असतात. आपल्याला ते समजले नाहीत तरी पुढच्या डॉक्टरला समजतात. सिटी स्कॅन यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तोही विचारायला हरकत नाही.

डोक्याचे बरेच स्कॅन झाले असतील तर नेत्रतज्ज्ञांना तसं आवर्जून सांगा. बाहुली मोठी करणारे थेंब घालून ते भिंगाची मागची बाजू तपासतात. रात्री समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांत फुटल्यासारखे वाटू लागले, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका.