घरातल्या ज्येष्ठांच्या ताटात या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात आईच्या बांगड्या मनगटावरून थेट कोपराकडे सरकायला लागल्या, तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. लोणच्याच्या बरणीचं झाकणही तिच्याने फिरेना. "वय झालं गं आता, भूकच लागत नाही," असं ती म्हणायची आणि आम्हीही ते मान्य करून टाकलं होतं. पहिली चूक हीच.

भूक वयाबरोबर थोडी कमी होते, हे खरं. पण काही न करता वर्षभरात साडेचार किलो किंवा वजनाच्या ५ टक्के घट झाली, तर तो निव्वळ वयाचा भाग नव्हे. सतत थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं या आणखी चार खुणा. २००१ साली अमेरिकी संशोधक लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या या पाचांपैकी तीन दिसल्या तर डॉक्टर त्याला फ्रेल्टी, म्हणजे उतारवयातला दुबळेपणा, म्हणतात. एक-दोन दिसल्या तर माणूस उंबरठ्यावर आहे, आणि तिथून मागे फिरता येतं.

दुसरी चूक मला फार उशिरा कळली. आईने दिवसभरात काय खाल्लं ते मी आठवडाभर वहीत लिहिलं. सकाळी चहा-खारी, दुपारी मऊ भात आणि पातळ वरण, संध्याकाळी पोहे, रात्री दुधात कुस्करलेली पोळी, चतुर्थीला साबुदाणा. रोज वेगळं नाव, पण खारी, भात, पोहे, पोळी, साबुदाणा सगळे एकाच, पिष्टमय गोत्रातले. पदार्थ बदलला म्हणजे आहार बदलला असं होत नाही. डाळी-उसळी, दूध-दही, पालेभाज्या, इतर भाज्या, फळं, दाणे-तीळ, आणि घरात चालत असेल तर अंडी-मासे, यांतलं काय काय ताटात आलं ते मोजायचं. विविध खाणाऱ्या ज्येष्ठांमध्ये फ्रेल्टी कमी आढळते असं बऱ्याच पाहण्यांत दिसलं आहे. अर्थात, अशक्त माणूस मुळातच कमी आणि तेच ते खातो, हेही त्यात येतंच.

प्रथिनांचा हिशोब तर डोळे उघडणारा होता. साठीनंतर दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं असावीत, असं तज्ज्ञ सुचवतात. आईचं वजन ५० किलो, म्हणजे ५० ते ६० ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा ग्रॅमच मिळतात, तिचं वरण तर पाण्यासारखं! (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचाराच.)

"दात नाहीत, उसळ कशी चावणार?" म्हणून उसळ बंद करू नका, तिचं रूप बदला. मटकी कुकरला जास्त शिट्ट्या देऊन घोटायची, पालक डाळीत, गाजर किसून, दाण्याचं कूट दह्यात. पोट फुगत असेल तर मुगाच्या डाळीपासून, दोन-तीन चमच्यांनी सुरुवात. भूकच नसेल तर दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच छोटी खाणी.

बुधवारी नाशिकच्या गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून मी शेवगा, मेथी आणि पेठ-सुरगाण्याकडची नागली (नाचणी) आणते. नागलीत १०० ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण नागलीची भाकरी केली म्हणून डाळ वगळली, तर पुन्हा तीच चूक.

शाकाहारी घरात, त्यातही मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर, रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. पावडरच्या महागड्या डब्यावर विसंबू नका, तो जेवणाची जागा घेतो. आणि नुसतं खाऊनही स्नायू बनत नाहीत. आई आता खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव करते, सकाळ-संध्याकाळ पाच-पाच वेळा.

रात्री ती एकटीच जेवायची, म्हणून दूध-पोळीवर भागवायची. आता आम्ही साडेसातला एकत्र बसतो. बांगड्या अजून सैलच आहेत, पण गेले तीन महिने वजनाचा काटा खाली गेलेला नाही, आणि बरणीचं झाकण परवा तिनेच उघडलं.