जर्नलला लेख पाठवण्याआधी संदर्भ असे लावा

गेली बारा वर्षं मी एका संशोधन जर्नलसाठी लेखांच्या प्रती तपासते. लेख हातात आला की मी आधी शेवटची पानं उघडते. लेखकानं मूळ साहित्य स्वतः वाचलंय की इकडून तिकडून उचललंय, हे संदर्भसूचीवरून बऱ्याचदा कळतं. वाचकाला तुमच्या विधानापासून मूळ स्रोतापर्यंत पोचवणारी वाट म्हणजे ही सूची. त्यामुळे ती नीट लावणं हा संशोधनाचाच भाग आहे, असं मी मानते.

सुरुवात जर्नलच्या ‘ऑथर गाइडलाइन्स’पासून करा. तिथे संदर्भ लिहिण्याच्या शैलीचं नाव दिलेलं असतं: एपीए, व्हँकुव्हर, शिकागो, आयईईई. नुसतं ‘हार्वर्ड’ लिहिलेलं दिसलं तर जास्त लक्ष द्या, कारण हार्वर्डचं सर्वमान्य असं एक नियमपुस्तक नाही, जो तो आपापल्या पद्धतीनं ती शैली चालवतो. नाव कळल्यावर त्याच जर्नलमधले अलीकडचे दोन-तीन लेख उघडून समोर ठेवा. सूचना वाचून जे डोक्यात शिरत नाही ते छापलेली सूची पाहून पाच मिनिटांत कळतं. शैलीच्या नियमपुस्तकाची आवृत्तीही बघा. एपीएच्या सहाव्या आवृत्तीत पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशकाचं गाव द्यावं लागे, सातव्या आवृत्तीनं ते काढून टाकलं. सूचीत आता वीसपर्यंत लेखकांची नावं द्यायची असतात आणि मजकुरात तीन किंवा अधिक लेखक असतील तर पहिल्याच उल्लेखापासून पहिलं आडनाव आणि ‘एट अल.’ (म्हणजे ‘आणि इतर’) एवढंच पुरतं.

शैली बदलली की काय बदलतं, ते एकाच नोंदीवर पाहू. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा ‘नेचर’मधला १९५३ सालचा लेख घ्या. एपीएमध्ये नोंदीचा शेवट असा येतो:

नेचर, १७१(४३५६), ७३७–७३८.

आणि व्हँकुव्हरमध्ये असा:

नेचर. १९५३;१७१(४३५६):७३७-८.

एपीएमध्ये वर्ष आधीच, लेखकांच्या नावांनंतर कंसात येऊन गेलेलं असतं. जर्नलचं नाव आणि खंड क्रमांक इटॅलिकमध्ये, पण कंसातला अंक क्रमांक सरळ. मी सुधारलेल्या चुकांमध्ये ही सगळ्यांत नेहमीची. पृष्ठांच्या मधली रेघ लांब असते, साधा हायफन चालत नाही. व्हँकुव्हरमध्ये वर्ष जर्नलच्या नावानंतर येतं, अर्धविरामानंतर जागा सोडत नाहीत आणि शेवटच्या पृष्ठाचे पुन्हा येणारे आकडे गाळतात. लेखकांची आद्याक्षरं टिंबांशिवाय एकमेकांना चिकटून येतात. सहापेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या सहांनंतर ‘एट अल.’ लिहितात. जर्नलचं नाव ठरलेल्या संक्षेपातच द्यायचं. तो संक्षेप अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये सापडतो. मनानं तयार करू नका.

हे सगळं हातानं करू नका, असं मी आग्रहानं सांगते. संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मेंडली आहे, एंडनोट आहे, लाटेक्स या मजकूर मांडायच्या प्रणालीत लिहिणाऱ्यांना बिबटेक्स आहे. पण सॉफ्टवेअर तुम्ही भरलेली माहितीच मांडतं, आणि वेबपानावरून आपोआप उचललेली माहिती बरेचदा अर्धवट असते. सूचीत ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ असा लेखक मी कितीदा तरी पाहिलाय. वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनला सॉफ्टवेअरनं माणूस समजून आडनाव पुढे आणलेलं असतं. झोटेरोत लेखकाचं नाव एकाच रकान्यात घेतलं आणि बिबटेक्समध्ये दुहेरी महिरपी कंसात ठेवलं की हे थांबतं. माणसांच्या नावांतही घोळ होतो. काही समाजांत कुळाचं नाव आधी लिहितात, काहींत आडनावच नसतं. अशा वेळी त्या लेखकानं स्वतःच्या लेखात आपलं नाव कसं दिलंय ते पाहा आणि तसंच ठेवा. एखाद्याचं नाव चुकीच्या अक्षराखाली गेलं की त्याचं काम शोधणाऱ्याला सापडत नाही.

नोंद वाचतानाच करा. लेख उघडला की डीओआय (म्हणजे लेखाची कायमची ऑनलाइन ओळखखूण), खंड, अंक, पृष्ठं तिथल्या तिथे टिपा, आणि उद्धृत करायच्या वाक्यापुढे त्याचा पृष्ठक्रमांक लिहा. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकले. माझ्या पहिल्या लेखात मी एक संदर्भ दुसऱ्याच्या सूचीतून तसाच उचलला, मूळ लेख न पाहता. समीक्षकानं लिहिलं, ‘या पृष्ठावर असं विधान नाही.’ मी मूळ अंक मागवून पाहिला, तर खरंच नव्हतं. आधीच्या लेखकाची चूक माझ्या नावानं पुढे गेली होती. ती लाज अजून आठवते. मूळ मिळतच नसेल तर ज्याच्यामार्फत वाचलं त्याचा संदर्भ द्या आणि मजकुरात तसं स्पष्ट म्हणा.

आता जोडी जुळवणं. मजकुरात आलेला प्रत्येक संदर्भ सूचीत हवा आणि सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात कुठेतरी वापरलेली हवी. मी सूचीची छापील प्रत घेते, संगणकावर सुरुवातीचा कंस शोधत लेखभर फिरते आणि सापडलेल्या प्रत्येक नोंदीवर पेन्सिलनं टिक करते. शेवटी ज्यांच्यापुढे टिक नाही त्या काढायच्या, किंवा त्यांची जागा शोधायची. तोच लेखक आणि तेच वर्ष दोनदा आलं तर एपीएत वर्षापुढे ‘अ’, ‘ब’सारखी अक्षरं लागतात, आणि ती मजकुरात व सूचीत सारखीच असावी लागतात. क्रमांकांच्या शैलीत, म्हणजे जिथे संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमानं आकडे देतात तिथे, तक्त्यांवर नजर ठेवा. फक्त तक्त्यात आलेल्या संदर्भाचा क्रमांक त्या तक्त्याचा मजकुरात पहिला उल्लेख जिथे होतो, तिथून ठरतो. हे फार जणांना ठाऊक नसतं आणि मग पुढचे सगळे आकडे हलतात.

प्रत्येक डीओआयवर क्लिक करा. कंटाळवाणं आहे, पण करा. एआयनं सुचवलेल्या संदर्भांत नाव, वर्ष, खंड सगळं पटण्यासारखं असतं आणि तसा लेखच अस्तित्वात नसतो. मी स्वतः अशा नोंदी पकडल्या आहेत, आणि त्यानंतर त्या लेखातल्या कुठल्याच नोंदीवर माझा विश्वास उरला नाही. क्लिक केल्यावर तो लेख मागे घेतलेला नाही ना, तेही दिसतं. झोटेरो अशा लेखांवर लाल पट्टीत इशारा देतं. प्रीप्रिंट, म्हणजे समीक्षेआधीच ऑनलाइन टाकलेला लेख, वापरला असेल तर तो आता जर्नलमध्ये छापून आलाय का ते पाहा, आणि छापील आवृत्ती वाचून तिचाच संदर्भ द्या.

पाठवताना फाइलच्या दोन प्रती ठेवा. एकीत सॉफ्टवेअरचे दुवे जिवंत, दुसरीत साधा मजकूर. समीक्षक चार नवे संदर्भ घालायला सांगतातच, आणि दुवे मोडलेल्या फाइलमध्ये क्रमांक पुन्हा लावताना रात्र जाते. मग प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं, येतात, सोबत ‘संदर्भ १४ मजकुरात सापडला नाही’ अशा शंका. प्रत्येक शंकेला नेमकं उत्तर लिहा: कुठल्या परिच्छेदात, कुठल्या वाक्यानंतर. प्रूफच्या टप्प्यावर नवा संदर्भ घालायचा मोह मात्र आवरा. अगदीच अटळ असेल तर आधी संपादकांना विचारा, कारण क्रमांकांच्या शैलीत मध्ये एक नोंद घुसली की पुढचा प्रत्येक आकडा कुणाला तरी हातानं बदलावा लागतो.