कमानीने निखारा काढताना दोरी का घसरते: मुंबईत शिकणाऱ्यांसाठी

कमानीच्या दोरीचा वेढा लाकडी दांडीला द्यायचा, कमान मागेपुढे ओढून दांडी फळीवर फिरवायची आणि घासण्याच्या उष्णतेने निखारा काढायचा, अशी ही पद्धत. कमान, दांडी, फळी आणि वरून दाबायचा ठोकळा या चार वस्तू काय करतात हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. फळीत खळगा जाळून घेणं, वर्तुळाच्या आठव्या हिश्श्याएवढी खाच कापणं, खाचेत साठलेली काळी भुकटी आपली आपण धुमसेपर्यंत दम धरणं, हे सगळं नीट समजावणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचं आहे ते पाचव्या वस्तूबद्दल, म्हणजे दोरीबद्दल. नायलॉनच्या दोरीवर निखारा काढता यायला लागला की वाटतं आता फक्त दोरी बदलायची. मग स्वतः वळलेली दोरी कमानीला लागते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. मी या टप्प्यावर फार दिवस अडकले होते. अजूनही नवी दोरी पहिल्यांदा ताणते तेव्हा छातीत धडधडतं.

आधी एक गोष्ट ठणकावून सांगते. जून ते सप्टेंबर मुंबईत शिकायला सुरुवात करू नका. हट्ट म्हणून करून बघाल आणि आपल्याला हे जमणारच नाही अशी समजूत करून घ्याल. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राहिली की उघड्यावर ठेवलेल्या लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १८ टक्क्यांवर जाऊन थांबतं. हिवाळ्यातल्या दुपारी आर्द्रता ५० टक्क्यांपर्यंत उतरली तर तेच लाकूड ९ टक्क्यांकडे येतं. तुमच्या हाताची ताकद तीच, पण पावसाळ्यात तिचा मोठा भाग पाण्याची वाफ करण्यात जातो. हाताला लाकूड दोन्ही वेळा कोरडंच लागतं, हा त्यातला धोका. डिसेंबर ते फेब्रुवारी हे आपले महिने. तोवर दोरी वळायला शिका, त्यालाही तेवढाच वेळ लागतो.

जागेचंही आत्ताच सांगते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा कुठल्याही राखीव जंगलात हा सराव करायचा नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, दोन्हींखाली तो गुन्हा ठरू शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथलं गवत कसं वाळलेलं असतं ते डोळ्यांनी बघा. सोसायटीची परवानगी काढून गच्चीवर बसा. घमेल्यात वाळू, शेजारी पाण्याची बादली, आणि वाऱ्याकडे पाठ. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून सकाळची वेळ बरी. फांद्या तोडायच्या नाहीत, शहरातल्या झाडांना १९७५ पासून स्वतंत्र कायद्याचं संरक्षण आहे. पावसाळ्याआधी महापालिका छाटणी करते तेव्हा रस्त्याकडेला ढीग पडतात. तिथल्या माणसांना विचारलं तर हातभर तुकडा देतात. तो ओला असतो, घरात वर्षभर वाळू द्या.

लाकडाची फार चिकित्सा करत बसू नका. हलकं, न कुजलेलं, नखाने दाबलं तर खूण उमटेल असं लाकूड बघा. काटेसावर चालते. आगपेटीच्या काड्यांना हे लाकूड वापरत आले आहेत, यावरून काय ते समजा. गावी बांधावर घायपात असेल तर त्याचा फुलून वाळलेला उंच दांडा फळीसाठी फार उत्तम. घायपात एकदाच फुलतं आणि मरतं, त्यामुळे तो दांडा घेतल्याने कुणाचं नुकसान होत नाही. बांध ज्याचा आहे त्याला मात्र विचारा.

आता दोरी. माझं ठाम मत आहे की पहिला निखारा नायलॉनवर किंवा जाड सुती दोरीवरच काढावा. पहिल्या दिवसापासून सगळं नैसर्गिक हवं असा आग्रह धरणारे गुरू मला पटत नाहीत. लाकूड अनोळखी, बैठक अनोळखी आणि दोरीही अनोळखी असली तर निखारा का आला नाही हे कधीच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. नायलॉनवर तीच फळी, तीच दांडी भरवशाने चालू लागली की मगच दोरी बदला. म्हणजे दोष दोरीतच आहे हे नक्की असतं.

मधली पायरी म्हणून किराणा दुकानातली तागाची सुतळी घ्या. ती सैल पिळाची असते, तशीच लावली तर लगेच तुटते. चार-सहा धागे एकत्र पिळून दोन पदर करा आणि ते उलट्या दिशेने एकमेकांवर वळा. इथे हाताला पिळाची सवय होते. त्यानंतर वाख. घायपाताची पानं ठेचून, बोथट सुरीने गर खरवडून काढला की पांढरे लांब धागे राहतात. रस अंगाला लागला तर भयंकर खाज सुटते, हातमोजे घाला आणि उघड्या मांडीवर ओला वाख वळू नका. धुऊन, वाळवून मगच वळायला घ्या. अंबाडीचा वाख मिळाला तर तो जास्त मऊ आणि हाताला सोपा. काथ्या कमानीसाठी मला नको वाटतो, तो राठ असतो आणि दांडी खरवडतो. काथ्या जपून ठेवा, निखारा फुंकायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

दोरी सहा ते आठ मिलिमीटर जाड हवी. धागा संपायच्या आधी नवा वाख मिसळा, आणि दोन्ही पदरांचे सांधे एकाच जागी येऊ देऊ नका. एवढं जमलं की दोरी तयार झाली असं वाटतं. ती तयार झालेली नसते. ताज्या वळलेल्या दोरीत पुष्कळ ढिलाई शिल्लक असते. ती न्हाणीघरातल्या भक्कम हुकाला टांगा, खाली पाण्याने भरलेली बादली लावा आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी ती लांब झालेली दिसेल.

आणि आता तो सापळा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

नैसर्गिक दोरीवर कमान ओढली की पहिल्या काही फेऱ्या छान जातात. मग दांडी जागच्या जागी थांबते आणि दोरी तिच्यावरून नुसती सरकू लागते. साहजिकच आपण वरून जास्त दाबतो. दाब वाढला की खाली दांडी फळीत आणखी घट्ट धरली जाते, दोरी आणखी सरकते. सरकण्याने दांडीचा मधला भाग गुळगुळीत होतो आणि गुळगुळीत झाल्याने दोरी अजूनच सरकते. जी ऊब खाली खाचेत जायला हवी ती मधे दोरीत साठते आणि वाख करपून तुटतो. धूर येतो, पण तो दोरीचा असतो! नवीन माणूस तो धूर बघून हुरूप येऊन आणखी जोर लावतो. म्हणून धूर दिसला की तो कुठून येतो आहे ते आधी बघा. वास घ्या, जळक्या सुतळीचा वास लाकडाच्या वासापेक्षा निराळा असतो.

नायलॉनवर हे एवढं जाणवत नाही, कारण ते घासलं तरी बराच वेळ तग धरतं आणि ताणलेलं राहतं. वाखाचं तसं नाही. शिवाय आपल्या हवेत वाख ओल धरतो. ओल धरलेली पिळाची दोरी फुगून आखडते, त्यामुळे सकाळी कमानीला ती ताठ वाटते. घासून तापली की ओल जाते आणि दोन मिनिटांपूर्वी ताठ असलेली दोरी सैल पडते. आपण मात्र लाकडाला दोष देत बसतो.

उपाय जोरात नाही, वेढ्यात आहे. सगळीकडे दांडीभोवती दोरीचा एकच वेढा दाखवतात आणि तोच नियम असल्यासारखं शिकवतात. आपल्या घरात ताकाची रवी असते तिची दोरी आठवा. तिला एका वेढ्यावर कुणी ओढत नाही, दोन-तीन वेढे दिलेले असतात, आणि जुनी सुती दोरीसुद्धा वर्षानुवर्षं टिकते. गणितही हेच सांगतं. घर्षणांक, म्हणजे दोरी लाकडाला किती धरून राहते त्याचं माप, ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याला दोरीच्या एका बाजूचा ताण दुसऱ्या बाजूच्या साधारण साडेसहा पट होईपर्यंत ती घसरत नाही. तीन वेढ्यांना हीच मर्यादा अडीचशे पटींच्याही वर जाते. वेढे वाढले की पकड बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. म्हणजे दोरी अतिशय ताणून बांधण्याची गरजच उरत नाही, आणि नाजूक वाखाला ताण सहन होत नाही हेच तर आपलं दुखणं आहे.

त्यातही सर्वांत खात्रीचा प्रकार म्हणजे दोरीचा मधला भाग दांडीला पक्का करायचा. दांडीच्या मध्यावर बारीक भोक पाडून त्यातून दोरी ओवा, आणि दोन्ही बाजूंना काही वेढे देऊन टोकं कमानीला बांधा. मग दोरी दांडीवर सरकतच नाही, एका बाजूने उलगडते आणि दुसऱ्या बाजूने गुंडाळली जाते. परदेशात याला इजिप्शियन पद्धत म्हणतात. इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामेन याच्या थडग्यातल्या वस्तूंमध्ये कमानीने अग्नी काढायचा संचही होता, ते थडगं १९२२ साली उघडलं गेलं. यासाठी दोरी नेहमीपेक्षा लांब लागते, दीड मीटर तरी घ्या. दांडीही थोडी लांब ठेवा, कारण वेढे तिच्यावर खालीवर सरकतात. ते एकमेकांवर चढले तर कमान आडवी, एका पातळीत चालत नाही असं समजा आणि वेग कमी करा.

एकाच वेढ्यावर काम करायचं असेल तर दोन गोष्टी बघा. वेढा जिथे पूर्ण होतो तिथे येणारी आणि जाणारी दोरी एकमेकींना घासतात, आणि वाख बहुधा तिथेच तुटतो. कमानीचं पुढचं टोक किंचित खाली किंवा वर झुकवा. कुठल्या बाजूला झुकवल्यावर दोघींमध्ये फट पडते ते डोळ्यांनी बघून ठरवा, कारण ते वेढा कसा दिला आहे यावर अवलंबून आहे. दुसरं, थोड्या फेऱ्यांनंतर थांबून दोरीचे पदर सुटत आहेत का ते तपासा. सुटत असतील तर दांडी काढून वेढा उलट बाजूने द्या. दांडी गोल गुळगुळीत तासू नका, आठ पैलू ठेवा. आणि कमान धरलेल्या हाताच्या बोटांनी दोरी आत दाबून ताण जागच्या जागी वाढवायला शिका, गाठ सोडून पुन्हा बांधण्यात तापलेली फळी थंड होते.

हे मला आग काढणाऱ्या कुणी शिकवलं नाही. पावसाळा संपला की मुंबईच्या आसपास जी शिबिरं निघतात त्यांच्यातल्या एकात मीही गेले होते. तिथे नीट वाळवलेली फळी, बेतशीर दांडी आणि नायलॉनची दोरी हातात देतात. निखारा निघतो, फोटो निघतात, आणि घरी आल्यावर आपल्याला काहीच येत नसतं. पैसे खर्चायचे असतील तर एसटीच्या तिकिटावर खर्चा आणि दोर वळणाऱ्या माणसाकडे जा. महाराष्ट्रात हे काम मातंग समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. पोळ्याला बैलांसाठी नवे कासरे आणि दावी लागायची ती त्यांच्या हातची असायची. आजोळच्या गावी दावी वळणाऱ्या एका आजोबांनी माझी दोरी हातात घेतली, दोन बोटांत उलटी फिरवली आणि पदर उघडून दाखवले. मग म्हणाले, "एका पदराला पीळ जास्त झालाय गं, दुसरा नुसता त्याच्यावर गुंडाळलाय." सगळा ताण त्या एकाच पदरावर येत होता. त्या दुपारी त्यांच्याजवळ बसून जे कळलं त्याच्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. अशा माणसांना त्यांच्या वेळेचे पैसे द्या, फुकट शिकायची अपेक्षा ठेवू नका.

फळी ओव्हनमध्ये वाळवायची युक्ती कुणी सांगेल. आच चढली तर तडा जातो, आणि बाहेर काढल्यावर आपली हवा तिला पुन्हा ओल देतेच. झाकण घट्ट लागणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर फळी, दांडी आणि दोरी तिन्ही ठेवा, तेवढं पुरतं. ठोकळ्याच्या खळग्यात खोबरेल लावत असाल तर दांडीच्या वरच्या टोकाला पेन्सिलीने खूण करा. तेलाचं टोक चुकून खाली गेलं तर तो खळगा वाया गेला.

आणि घाबरू नका. ज्यांच्या अंगात फार जोर नाही त्यांना हे उलट लवकर जमतं, कारण ते दाबून मार्ग काढायला जात नाहीत. डाव्या पायाच्या नडगीला मनगट टेकवून घट्ट ठेवा, गुडघ्याखाली घडी घातलेली गोधडी घ्या, कमान पूर्ण लांबीने ओढा. सुरुवातीला हळू. भुकटी फिकट आणि मऊ पडत असेल तर दाब थोडा वाढवा, गडद कॉफीच्या रंगाची पडू लागली की तोच दाब ठेवून वेग वाढवा. दोरी तुटली तर तुटलेला तुकडा फेकू नका, कुठे तुटली ते बघा. सांध्यावर तुटली तर वळण्यात कमतरता, मधे करपून तुटली तर ती घसरत होती, कमानीच्या गाठीपाशी तुटली तर कमानीचं टोक धारदार आहे, ते घासून गोल करा. पुढची दोरी वळायला बसण्याआधी एवढं बघून घ्या.