छाटणीचे औषध आणण्याआधी बोनेट उघडा, फॅन बेल्ट बघा

हस्ताचा पाऊस पुरता सरलेला नाही, तोवर द्राक्षबागांत गोडी बार (फळासाठीच्या) छाटण्या सुरू झाल्या आहेत. या दिवसांत येणारे फोन सगळे औषधांचेच असतात. पोंग्यात (डोळे फुटताना) काय मारू, डाऊनीला (केवडा या बुरशीच्या रोगाला) काय चालेल, शेजाऱ्याने अमुक मारले ते घेऊ का? मी आधी एकच गोष्ट विचारतो. ट्रॅक्टरचा फॅन बेल्ट शेवटचा कधी पाहिला होता? बहुतेकांना आठवत नाही.

२०१९ साली ऑक्टोबरच्या अखेरीस क्यार आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला महा अशी दोन चक्रीवादळे अरबी समुद्रात पाठोपाठ झाली. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागा आठवडाभर ओल्याच राहिल्या. त्या दिवसांत निफाडकडच्या एका बागेत गेलो होतो. घड दोडा अवस्थेत, म्हणजे फुलोऱ्याच्या आसपास होते. पहाटे पाऊस थांबला, दुपारपर्यंत उघडीप मिळाली. औषध घरात होते, ब्लोअरची (ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्राची) टाकी भरलेली होती. चौथ्या ओळीत बेल्ट तुटला. डिझेल इंजिन बेल्ट तुटला म्हणून बंद पडत नाही, त्यामुळे चालवणाऱ्याला वाटले एवढी ओळ काढून घेऊ. ओळ संपेपर्यंत बोनेटमधून वाफ आली आणि हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचे सील) गेले. मेकॅनिक तिसऱ्या दिवशी आला. तोवर पानांच्या खालून पांढरी बुरशी उतरली होती आणि घड तपकिरी पडले होते. डाऊनीने बाग गेली, असेच सगळे म्हणाले. मला मात्र तो तुटलेला बेल्ट अजून दिसतो. तो आदल्या महिन्यातच भेगाळलेला असणार, फक्त कोणी वाकून पाहिला नव्हता. त्यानंतर अशा आणखी बागा पाहिल्या, म्हणून दरवर्षी हेच पुन्हा सांगतो.

हा एक बेल्ट रेडिएटरचा पंखा, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर फिरवतो. अल्टरनेटरला बरेच जण अजून डायनामोच म्हणतात. मिनी ट्रॅक्टरला ब्लोअर ओढणे हे जड काम आहे. पीटीओ (ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) सतत चालू, रेस चढलेली, चाल मंद आणि रेडिएटरच्या जाळीवर पाने, काडीचा भुसा, औषधाचा थर. वखरणीत निभावलेला बेल्ट इथे दगा देतो. गंधक आणि बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाच्या) फवारणीत सतत असलेल्या ट्रॅक्टरचा बेल्ट लवकर कडक होतो, असाही माझा अंदाज आहे. पुस्तकात तो सापडणार नाही, पण मी अशा बागेत बेल्ट दोन हंगामांवर ठेवू देत नाही.

बेल्ट पाहायला पाच मिनिटे लागतात. इंजिन थंड, किल्ली खिशात. बेल्ट बोटांनी उलटा पिळून आतली बाजू बघा. आडव्या भेगा, कडेला निघालेले दोरे, काचेसारखी चकाकी, तेलाने फुगलेली जागा, यातले एक जरी दिसले तरी बदला. बेल्ट पुलीच्या खाचेत तळाला टेकलेला असेल आणि तळ चकाकत असेल, तर तो झिजून अरुंद झाला आहे. मग कितीही ताणा, घसरणारच. सकाळी चालू करताना किंचाळणे, चार्जिंगचा दिवा लुकलुकणे, ब्लोअर लावल्यावर तापमानाचा काटा चढणे, या खुणा आधीच मिळालेल्या असतात.

बदलणे घरी जमते. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण अल्टरनेटरजवळ पाना टेकला तर ठिणगी पडते. अल्टरनेटरचा वरचा पट्टीवरचा बोल्ट आणि खालचा बिजागरीचा बोल्ट सैल करा, काढू नका. अल्टरनेटर इंजिनकडे ढकला. बेल्ट ढिला पडला की आधी पुलीवरून आणि मग पंख्याचे एकेक पाते ओलांडत बाहेर काढा. पंखा हातानेच फिरवा, सेल मारू नका.

बेल्ट निघाला की इथे थोडे थांबा, कारण पुन्हा हे उघडायला वर्ष लागेल. पंखा धरून पुढे-मागे हलवा. खडखड हलला किंवा पंपाच्या तळाशी पाण्याचे ओघळ दिसले, तर पाण्याच्या पंपाचे बेअरिंग खराब होत चालले आहे. अल्टरनेटरची पुली फिरवून घरघर ऐका. पुल्या कोरड्या फडक्याने पुसा, डिझेलने नको. नवा बेल्ट आधी खालच्या क्रँक पुलीवर, मग पंपाच्या पुलीवर, शेवटी अल्टरनेटरवर चढवा. चढत नसेल तर बोल्ट आणखी सैल करा. स्क्रू-ड्रायव्हरने ओढून चढवला की आतले दोरे तुटतात आणि नवा बेल्ट महिन्यात जातो.

आता ताण. लाकडी दांड्याने अल्टरनेटर बाहेर रेटून धरा, दांडा त्याच्या पातळ मागच्या झाकणावर टेकवू नका. वरचा बोल्ट आवळा, मग खालचा. दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब टप्प्यावर अंगठ्याने साधारण १० किलोच्या जोराने दाबले की बेल्ट साधारण १० मिलिमीटर दबला पाहिजे. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. जास्त आवळण्याचा मोह होतो. त्याने पंपाचे आणि अल्टरनेटरचे बेअरिंग जाते, म्हणजे काही शे रुपयांच्या बेल्टपायी हजारांचा खर्च.

नवा बेल्ट ताणतो. अर्धा तास चालवून, थंड करून पुन्हा दाबून बघा. पहिल्या दहा तासांनंतर पुन्हा. हा दुसरा तपास न केल्यामुळे नवा बेल्ट घसरून इंजिन तापलेले मी पाहिले आहे.

दुकानात जाताना जुना बेल्ट हातात न्या. त्यावरचा नंबर पुसला असेल तर रुंदी आणि लांबी जुळवून घ्या. बेल्टबरोबर बेल्ट-स्प्रे आणि इंजिन थंड ठेवणारे ॲडिटिव्ह गळ्यात मारतात, ते नको. किंचाळणाऱ्या बेल्टला राळ, साबण, ग्रीस लावणेही नको, आवाज जातो आणि घसरणे राहते. एकाऐवजी दोन बेल्ट घ्या, पैसे तिथे लावा.

छाटणीआधीची बाकीची कामे तुम्हाला माहीत आहेत:

- माती-पाणी परीक्षण
- ठिबक फ्लश करणे
- खोड आणि ओलांड्यांवर (वेलीच्या आडव्या फांद्यांवर) १ टक्का बोर्डो (१०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद, १ किलो चुना)
- छाटलेल्या काड्या बागेबाहेर नेणे
- ब्लोअरचे नोझल धुणे, बदलणे
- रेडिएटरची जाळी झाडणे, इंजिनच्या बाजूने बाहेर हवा मारणे

फवारणीबद्दल एवढेच. तीन-चार पानांपासून मणी सेट होईपर्यंत पाऊस किंवा दाट दव पडले तर डाऊनी थांबत नाही. संरक्षक म्हणून मॅन्कोझेब ७५ टक्के डब्ल्यूपी (पाण्यात मिसळायची पावडर) २ ग्रॅम प्रति लिटर, पाने सुकताच. निर्यातीची बाग असेल तर पुण्याच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस) पाहूनच औषध निवडा. दुकानदाराने दिलेले तीन-चार महागड्या बाटल्यांचे मिश्रण उशिरा मारण्यापेक्षा हे साधे औषध वेळेवर बसलेले मला जास्त भरवशाचे वाटते. एकाच गटाचे आंतरप्रवाही (पानात शिरणारे) औषध पुन्हा पुन्हा मारले की बुरशी त्याला दाद देईनाशी होते. चित्रा-स्वातीत ढग आले, रात्र उबदार झाली आणि सकाळी वाऱ्याला ओल जाणवली, तर मी हवामानाच्या मेसेजची वाट न पाहता टाकी भरायला सांगतो.

पण टाकी भरण्याआधी बोनेट उघडा. खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन हार तर तुम्ही घालताच, त्याच दिवशी बेल्ट पिळून बघा. फवारणी चालू असताना काटा चढला तर ओळ अर्ध्यात सोडा, पीटीओ बंद करा, बोनेट उघडून बेल्ट शाबूत आहे का बघा. तुटला असेल तर इंजिन लगेच बंद. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका, अर्धा तास जाऊ द्या. दुसरा बेल्ट आणि १२, १३, १४ नंबरचे पाने (स्पॅनर) सीटखालच्या पेटीत असतील तर तासाभरात त्याच ओळीतून पुढे निघाल.